पालाची शिलाई

“सोडा, अण्णा!”

सटवानं हात सोडले. पतंग हातभर वर उठला, थरथरला आणि पाण्यात तोंडावर आपटला. ही पाचवी खेप. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या पौर्णिमेनं हातातली पतंगाच्या दोऱ्यांची दांडी पाण्यावर आपटली आणि एक शिवी पुटपुटली. सटवा तिचा बाप; तो काठावर नसता तर मोठ्यानंच हासडली असती.

तशी हवा अगदीच पडलेली नव्हती. लांब पाटोद्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्या हातपाय गाळून उभ्या होत्या, पण तळ्यावर मंद झुळूक होती. तिला असलाच वारा हवा होता. जोराच्या वाऱ्यात काय, घोंगडंसुद्धा उडेल! पायात फळी अडकवायची, कमरेच्या पट्ट्याला खोलीएवढा पतंग जोडायचा आणि तो ओढेल तसं पाण्यावरून घसरत जायचं, असा हा खेळ. एवढ्याशा वाऱ्यात माणूस ओढून नेईल असा हलका पतंग पौर्णिमेनं स्वतः आखला होता. कापड तिनं बेतलं, शिवला बापानं. तिकडं दक्षिणेतल्या तूतुकुडीच्या पतंग बनवणाऱ्या कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं, आज संध्याकाळपर्यंत पतंग चालल्याचा व्हिडिओ पाठव आणि सोमवारी कामावर ये. नाहीतर दुसरं कुणी बघतो.

तिनं पतंग ओढत काठावर आणला. तिथं मासे विकायला बसलेल्या बायनाबाईकडं ताणकाटा होता. हिशोबानं पतंग दोन किलो भरायला हवा. काटा पावणेतीनवर जाऊन थांबला.

“वल्लं हाय म्हून आसंल,” बायनाबाई म्हणाली.

“हे कापड पाणी पीत न्हाई, मावशी.”

मग पाऊण किलो आलं कुठून? तिनं एक शिवण उलटी केली आणि बघतच राहिली. सकाळी पतंग हातात पडल्यापासून घाईच एवढी होती, की आतून बघायचं राहूनच गेलं होतं. कागदावर तिनं एक शिलाई सांगितली होती. बापानं आत बोटभर जाड पट्टी घालून तीन मारल्या होत्या. सगळीकडं. शिवाय कोपऱ्याकोपऱ्याला ठिगळं.

तिचं डोकंच फिरलं. पण त्या तीन रेघांवरून बोट फिरलं आणि राग कुठल्या कुठं गेला. ही शिलाई ती आंधळ्यानंही ओळखली असती. ही पालाची शिलाई!

सटवाचं कडा गावात दुकान होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची राहायची पालं तो शिवायचा. त्याआधी तो आणि पौर्णिमेची आई स्वतःच कोयता घेऊन जायचे, आणि पौर्णिमा त्यांच्याबरोबर. ती आठ वर्षांची असताना कराडकडं एका दुपारी असं वादळ सुटलं, की फडाशेजारची सगळी पालं उडून उसात गेली. एकच राहिलं, सटवाच्या हातचं. त्यात टोळीतली अकरा पोरं दाटीवाटीनं बसली. खाली अंथरलेल्या उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या पाल्याचा हिरवा वास, आई मूठमूठ शेंगदाणे वाटतेय, आणि बाप पालाची मधली मेढ धरून हसतोय. “आभाळ फाटंल, पर माझी शिलाई फाटायची न्हाई!” पुढं ती इचलकरंजीला कापडाचं शिकली, तूतुकुडीत समुद्रावर हा खेळ शिकली, चांगल्या पक्क्या खोल्यांत राहिली. पण त्या दुपारसारखं निर्धास्त तिला पुन्हा कुठंच वाटलं नव्हतं.

अशा माणसाला रागवायचं तरी कसं?

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “हे पाल न्हाई. ह्याला येवढी शिलाई सोसत न्हाई.”

सटवानं खिशातून ब्लेडचं पान काढलं, पतंग मांडीवर ओढला आणि उसवायला बसला. तीनपैकी दोन शिलाया काढायच्या, एक ठेवायची, पट्टी बाहेर ओढायची, ठिगळं काढायची. तीही शेजारी बसून दोरे उपटू लागली. दोन तास त्यातच गेले. शेवटची पट्टी निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

“सोडा, अण्णा!”

या खेपेला पतंग वर गेला आणि वरच राहिला. कमरेला ओढ बसली, पायाखालची फळी उचलली गेली, आणि पौर्णिमा तळ्याच्या मधोमध निघाली. काठावरच्या स्टँडवर मोबाईल सगळं टिपत होता. बायनाबाई गिऱ्हाईक सोडून उभी राहिली. “अगं बया बया बया!”

पौर्णिमा परत आली ती हसत, धापा टाकत. हात पुसून तिनं मोबाईल घेतला, व्हिडिओ बघितला आणि कंपनीचा नंबर काढला.

“बघा, तुमची जुनी सवय आज माझी नोकरी घालवत होती.”

“सवय कशाची?” सटवा पट्ट्या गोळा करत म्हणाला. “पंधरा वर्सं मशीनवर बसलोय. हलकं काय आन जड काय, मला कळत न्हाई व्हय?”

“मग कावून मारली येवढी शिलाई?”

“उडू नये म्हून.”

तिचं हसू विरलं.

“तू गेल्यावर घर खायाला उठतंय, पोरी. आदी वाटलं, कच्चंच शिवावं, आपसूक उसवंल. पर मग तू मधी पाण्यात पडली आसतीस. म्हून पक्कं शिवलं.”

पौर्णिमेचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला.

“आता धाड की त्यो व्हिडिओ,” तिच्याकडं न बघता सटवा म्हणाला, “माजं मन फिरायच्या आदी.”