लिफ्टपर्यंत

“समोर उभ्या राहा काकू,” फिजिओ म्हणाली. “काका तुमच्याकडे बघून चालतील.”

ती समोर जाऊन उभी राहिली. नवराबायको वर्षभर वेगळे राहताहेत, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा पडल्याचा शेजाऱ्यांचा फोन आला म्हणून ती बहिणीच्या घरून तडक इस्पितळात आली होती आणि मग रोज येत राहिली, इतकंच.

अर्धांगाचा झटका येऊन आठवडाही झाला नव्हता. तिच्या नवऱ्याचा, टेलर मास्तरांचा, डावा पाय नुसता लोंबत होता. छातीला पट्टे, ते वरच्या दांडीला अडकवलेले. फिजिओ खाली बसून तो पाय हातांनी पुढे ठेवायची. “टाच आधी. आता गुडघा ताठ. पुन्हा.” सकाळी तेच, दुपारी तेच. मास्तर घामाने निथळायचे, पण पुरे म्हणायचे नाहीत.

“जन्मभर शिलाई मशीनवर बसून पाय हलवले,” ते जड जिभेने म्हणाले, “आता म्हणे उभं राहून हलवा.”

फिजिओ खळखळून हसली. बायको हसली नाही. हा हट्ट कशासाठी चाललाय, ते आपल्याला कळतंय असं तिला वाटत होतं.

थोरल्या नणंदेलाही तसंच वाटत होतं. बाहेरच्या बाकावर तिने भावजयीचा हात धरला. “झालं गेलं विसर आता. तुझ्यासाठीच धडपडतोय तो. अशा माणसाला टाकून कशी जाशील?”

“मी आधीच गेलेय, ताई.”

नणंदेने हात सोडला नाही.

पायात हळूहळू जीव आला. पट्टे निघाले, वॉकर आला, मग नुसती काठी. एका संध्याकाळी ती रिकामा डबा पिशवीत भरत होती. मास्तर पलंगाच्या कडेला सरकले.

“उद्यापासून ताई येईल. घरीही तीच थांबेल. बोललोय मी तिच्याशी.”

“मी काही म्हटलं का?”

“तू कुठे काही म्हणतेस! पण मी पडून राहिलो असतो, तर तुला कुणी जाऊ दिलं नसतं.” त्यांनी काठी जवळ ओढली. “मीही दिलं नसतं.”

तिने पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली. तिने तशीच राहू दिली.

मास्तर काठी घेऊन उठले आणि तिच्याबरोबर वॉर्डाबाहेर पडले. एरवी रस्त्याने ते कायम दहा हात पुढे असायचे. आज तिलाच पाऊल आवरतं घ्यावं लागलं.

समोरून फिजिओ आली. “अरे वा! कुठे निघाली स्वारी?”

“हिला सोडायला,” मास्तर म्हणाले.

लिफ्टपाशी पोचेस्तोवर त्यांना धाप लागली. तिने बटण दाबलं.

“आणि परत कसे जाल?”

परत जायचं त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. ते कसनुसं हसले.

“आधी तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी बघतेय.”

ते वळले. वळणंच अवघड; जागच्या जागी पाऊल पाऊल सरकवत त्यांनी वॉर्डाच्या उघड्या दाराकडे तोंड केलं आणि निघाले. लिफ्ट आली, उघडली, मिटली, रिकामीच खाली गेली. मास्तर पलंगावर टेकेपर्यंत तिने पुन्हा बटण दाबलं नाही.