मल्हारीचं घोंगडं

“मल्हारी येऊ दे. मग जेवते,” म्हणत साखरबाईनं ताटली चाचपली आणि लांब सारली.

बाळासोनं कपाळाला हात लावला. आता हिला कितींदा सांगायचं? मल्हारी मेंढरं घेऊन दौंडच्या बाजाराला निघाला होता. भीमेवर पूल कुठला तेव्हा! वडगावच्या उतारावरून नदी ओलांडायला पाण्यात शिरला तो परत दिसला नाही. म्हातारीनं ऊर बडवून घेतला, दिवसकार्य झालं, आणि पुढं सगळं विसरून तिचं परत तेच, मल्हारी कुठाय. डोळे मोतीबिंदूनं कधीच गेले होते. आता अन्नही सुटलं. हातापायाच्या नुसत्या काड्या झाल्या.

तशी ती बाळासोची सख्खी आई नव्हे. मल्हारी तिच्या पोटचा, बाळासो सवतीचा. तिनं त्याला मावशी म्हणायला शिकवलं. उपाशी कधी ठेवलं नाही, पण जवळही घेतलं नाही. तरी बाळासोचा जीव तिच्यावरच. धाकटा भाऊ गेला, आता ही गेली तर आपलं म्हणायला कोण?

“न्हाई जेवायची ती,” बायको अनसाबाई म्हणाली. “तुमी कशाला जिवाला लावून घेता?”

बाळासो उठला. जमीन कसत असला तरी जात्या मेंढरामागचा माणूस. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर टाकतात. मेंढी हुंगते आणि आपलंच समजून पाजते. त्यानं खुंटीवरचं मल्हारीचं घोंगडं काढून पांघरलं.

“अवं, काय ह्ये! गेलेल्या माणसाचं...”

“गप बस की जरा!”

तो म्हातारीजवळ बसला. तोंडातून शब्द काढला नाही. दुधात चुरलेल्या भाकरीचा घास तिच्या ओठाला लावला. साखरबाईनं घोंगड्याचा काठ चाचपून नाकाशी नेला. हुंगत राहिली. मग तोंड उघडलं.

त्या दिवसापासून म्हातारी दोन्ही वेळा जेवू लागली. जेवताना बाळासोचं मनगट कुरवाळायची. हात आपला, माया मल्हारीची. बाळासोला वाईट वाटायचं. पण ती जगतेय ना, मग झालं तर.

दसऱ्याच्या आधीचं ऊन मरणाचं तापलं होतं. घोंगड्यात बाळासो घामानं निथळत घास भरवत होता. साखरबाईनं हात वर केला, त्याचं कपाळ चाचपलं आणि पदरानं घाम पुसला.

“किती उकडतंय रं बाळासो. काढ की त्ये घोंगडं.”

त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“मावशी... कवा कळलं तुला?”

“पयल्या घासालाच,” ती म्हणाली. “मल्हारीनं कवा भरवलं व्हतं रं मला?”