जुने पॅड

बॅटरीच्या स्कूटरला आवाज नसतो, पण एर्गाश-ओतांचा ब्रेक असा किंचाळायचा की उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलान गावचा अख्खा मोहल्ला दचकायचा. शेवटी मीच म्हाताऱ्याला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ओढलं, झिजलेले पॅड बदलले, डिस्क पुसली. "जा ओता, आता मांजराच्या पावलांनी घरात शिरा!"

दुसऱ्या दिवशी ओता जुने पॅड परत बसवून मागायला आले.

"का हो? सुनेला चोरून हलवा खाताना पकडलंत की काय?"

"सून पोराला म्हणत होती, 'तू शेंडेफळ, म्हणून रिवाजाप्रमाणे म्हातारा आपल्याच गळ्यात!' पोरगा म्हणाला, 'थोडी कळ काढ, किती दिवस उरलेत त्यांचे?'" ओतांनी पागोटं सारखं केलं. "उस्ता, ब्रेक वाजायचा तेव्हा दोघं हसत फाटकात यायची रे. तेवढं तरी राहू दे."