ईदची कोंबडी

रस्सा उकळायला लागला, तेव्हा पाड्यावरची म्हातारी कोंडी याकूबच्या झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली. माझी कोंबडी इथं आली का, असं तिने विचारलं. चुलीवरच्या टोपाकडे नजर गेली आणि ती उंबऱ्याबाहेर खाली बसली.

याकूब भिवंडीचा. मोखाड्याच्या जंगलात एका ठेकेदाराची सागतोड चालू होती, तिथे तो कारकून होता. आसपास त्याच्या धर्माचं कुणी नव्हतं. रमजानचे रोजे त्याने एकट्याने धरले. अजान कानावर यायची नाही. सूर्य डोंगराआड बुडाला की मडक्यातलं पाणी पिऊन तो रोजा सोडायचा. पाड्यावरची माणसं लांबून बघायची, बोलायची नाहीत. ईदला घरी जायचं होतं, पण तोड संपत आल्याने रजा मिळाली नाही. सकाळी मात्र ठेकेदाराने जीपमधून कोंबडी पाठवली. जव्हारच्या मुलाण्याकडून हलाल करून आणलीय, बिनघोर खा, असा निरोप होता. याकूबचे डोळे भरून आले होते. कुणाला तरी आपली आठवण आहे, असं त्याला वाटलं.

सकाळी जीप याकूबच्या दारात थांबलेली दिसली, म्हणून आलेल्या कोंडीने आता सांगितलं. काल शेटचा माणूस पाड्यावर आला आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी उचलून घेऊन गेला. जव्हारचं संस्थान जाऊन दहा वर्षं झाली, तरी ठेकेदाराच्या माणसाला नाही म्हणायची पाड्यावर कुणाची टाप नव्हती. अंडी गार पडली होती.

याकूबने टोप उतरवून तिच्यापुढे ठेवला. घेऊन जा, मला हे चालत नाही, असं तो म्हणाला.

कोंडी गोंधळली. हलाल म्हणजे सुरी फिरवायची एक रीत, एवढंच तिला ठाऊक होतं. मुलाण्याने नीट कापली नाही का, तिने विचारलं.

"कापली हलाल, मावशी. पण तुझ्याकडून ओढून आणली. जिची आहे तिने राजीखुशीने दिल्याशिवाय मला ती हरामच."

त्याने फडक्यातली भाकरी काढली आणि मिठाला लावून खायला लागला. कोंडी बघत राहिली. इथं तुझं कुणीच नाही का, असं तिने हळूच विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने टोप दोन्ही हातांनी आत सरकवला.

"मंग मी देते. खा."

"भिऊन देऊ नकोस."

"शेटला भिते, म्हणून त्याच्या माणसाला नेऊ दिली. तुला कोन भितं? तुला देते."

याकूबकडे थाळी एकच होती. ती त्याने कोंडीपुढे मांडली आणि स्वतःला सागाचं पान घेतलं. पहिला घास घशाखाली उतरला, तेव्हा सकाळपासून ओठांवर अडलेले शब्द बाहेर आले. "ईद मुबारक, मावशी."

कोंडीला अर्थ कळला नाही. या सणाला असंच म्हणत असतील, असं समजून तिने ते शब्द तसेच त्याला परत म्हटले.