एक शब्द राहिलाय

नववीतल्या त्या मुलीनं फार धीर करून समुपदेशक बाईंच्या खोलीचं दार ढकललं. बाई जमिनीवर भलामोठा फलक पसरून बसल्या होत्या. उद्या पाहुणे येणार होते. फलकावर लिहायचं होतं, 'मनातलं बोला, आम्ही ऐकतोय.'

"बरी आलीस! अक्षर छान आहे ना तुझं? धर ब्रश."

मनातलं

"बाई, मला जरा बोलायचं होतं."

"बोल की, त्यासाठीच तर मी आहे. तो अनुस्वार आणखी गोल कर."

बोला,

"वर्गातल्या दोघी मला मधल्या सुट्टीत संडासात कोंडतात. बाहेरून कडी लावतात आणि हसत उभ्या राहतात."

"अगं, लिहिताना बोलू नकोस! बघ, ओळ वाकडी गेली."

मुलगी गप्प झाली. अक्षर लगेच सुधारलं. समुपदेशनाचा इतका झटपट गुण क्वचितच येतो.

आम्ही

तेवढ्यात बाईंना मुख्याध्यापकांकडे चहाचं बोलावणं आलं. हिच्या एकटीच्यानं उरकणार नाही म्हणून त्यांनी व्हरांड्यातून चाललेल्या दोन मुलींना हाक मारली. त्यांना पाहताच मुलीच्या हातातला ब्रश गळून पडला.

"हिच्याच वर्गातल्या ना गं तुम्ही? छान! दाराला कडी लावून घ्या, ओल्या रंगावर कुणाचा पाय पडायला नको. एकच शब्द राहिलाय. तो होईपर्यंत हिला बाहेर सोडायचं नाही."

"नाही सोडणार, बाई," दोघी म्हणाल्या.