शेडमधली तोंडी परीक्षा

"हातमोजे घालतोस ना, बाबा?" ब्रायनीनं विचारलं.

"म्हणजे काय!" ट्रेव्हरनं शेडमधल्या खिळ्यावरून निळे हातमोजे काढले आणि आपला पंजा आत कोंबायला सुरुवात केली. बोटं अर्ध्यावरच अडकली. "लहान मापाचे मिळाले. अर्ध्या किमतीत होते."

ब्रायनीला हसू आलं. अर्ध्या किमतीत मिळाले तर बाबा डाव्या पायाचे दोन बूटही घेऊन येईल.

पण आज हसण्यावारी न्यायचं नाही, असं ती ठरवून आली होती. हल शहरातल्या हॉस्पिटलात ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. मागच्या महिन्यात तिथं अडीच वर्षांचा एक मुलगा आला. व्हेपमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटमध्ये, भरायचं निकोटिनचं मिश्रण त्याच्या घरी कुणीतरी ढवळून सरबताच्या बाटलीत ठेवलं होतं, आणि त्यानं ते तोंडाला लावलं. तीन दिवसांनी पोरगं हसत घरी गेलं. त्याच्या आईचा चेहरा मात्र ब्रायनीच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच आठवड्यात तिनं फोनवर सांगून टाकलं, की बाबाचा शेडमधला हा मिश्रणाचा कारखाना स्वतः तपासल्याशिवाय एफी शनिवारी आजी-आजोबांकडे राहणार नाही.

ब्रायनीची लेक एफी दोन वर्षांची होती. तिच्यासाठी आजीनं, ग्लेनिसनं, एक छोटा पलंग पिवळा रंगवून ठेवला होता. त्यावर ओळीनं बदकं काढली होती. शेवटच्या बदकाला जागा पुरली नव्हती, म्हणून ते नुसतंच डोकं होतं.

"सांडलं तर?" ब्रायनीनं पुढचा प्रश्न टाकला.

"हात लगेच वाहत्या पाण्याखाली. साबण. मोजे कचऱ्यात," ट्रेव्हर पाढे म्हणावेत तसा म्हणाला. "खिडकी उघडी. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही. खाण्याचा इसेन्स घालायचा नाही, त्यात तेल असतं, ते फुप्फुसात जातं. बाटलीला मुलांना न उघडता येणारं झाकण. वर चिठ्ठी."

"शाब्बास. आता गणित. एका मिलिलिटरला बहात्तर मिलिग्रॅम निकोटिनची कडक बाटली आहे. तुला शंभर मिली मिश्रण करायचंय, तीन मिलिग्रॅमचं. कडक किती मिली घेशील?"

ट्रेव्हरनं छताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. "चार," तो म्हणाला. "आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती? इथंच माणसं चुकतात, बाबा."

"चार पूर्णांक सतरा!" बाहेरून आवाज आला. ग्लेनिस अंगणात चादरी वाळत घालत होती.

"आई, उत्तरं सांगायची नाहीत!"

"सांगत कुठं आहे? रोज तेच तेच ऐकून माझे कान किटलेत."

बिचारी आई, ब्रायनीला वाटलं. वीस वर्षं तिनं चर्चच्या हॉलमध्ये दर सोमवारी सिगारेट सोडवण्याचा वर्ग चालवला. अर्ध्या गल्लीच्या सिगारेटी सुटल्या, आणि दिव्याखालीच अंधार राहिला. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

"बाटली ठेवतोस तो फ्रीझर दाखव," ब्रायनी म्हणाली.

कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीझरला कुलूप होतं. ट्रेव्हरनं सगळे खिसे चाचपले. "ग्लेनिस, किल्ली!"

ग्लेनिस आत आली, गळ्यातली साखळी ओढून तिनं किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. "यांच्याकडे दिली तर समुद्रात शोधावी लागेल."

आत डब्यात डबा, त्यात काळी बाटली. सगळं जिथल्या तिथं. ब्रायनीला दोष काढायला जागाच सापडेना, आणि त्याचा तिला आनंदच झाला.

"पास," ती म्हणाली. "पण एका अटीवर. ही कडक बाटली इथं नको. कायदा बदलायच्या आधीची आहे, आता दुकानात मिळतसुद्धा नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नष्ट करायला देते. यापुढं छोट्या, सौम्य बाटल्या आणायच्या."

"ने की," ट्रेव्हर म्हणाला. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

ग्लेनिसच्या खांद्यावरची ओली चादर घसरून जमिनीवर पडली. "अख्खी?"

"आई, आता तू कशाला मधे?"

"अगं, चांगली अर्ध्याच्या वर भरलेली आहे. वाया घालवायची म्हणजे..."

"एफी, की बाटली?"

ग्लेनिसनं चादर उचलली. झटकली. घडी घातली, मग पुन्हा उलगडली.

"ने," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ने. आणि शनिवारी पोरीला नऊलाच आणून सोड, दहा वाजवू नकोस."

ब्रायनीनं दोघांनाही मिठी मारली. बाबाच्या दाढीचा तिच्या गालावर मुका बसला. "बाबा, इतक्या वर्षांची सवय, आणि एका शब्दावर बाटली दिलीस! आई, आता त्याला टोमणे मारू नकोस हं. सोडणं सोपं नसतं."

"मला सांगतेस?" ग्लेनिस म्हणाली.

चहा झाला, बिस्किटं झाली, शनिवारी एफीला काय खायला घालायचं यावर आई-बाबांचं भांडणही झालं. मग ब्रायनीनं बाटली डब्यासकट गाडीत नीट उभी ठेवली, आणि गाणं गुणगुणत मागच्या गल्लीतून गाडी वळवली. घराच्या बुटक्या भिंतीपाशी आल्यावर तिनं हात हलवायला काच खाली केली.

अंगणात बाबानं बादली पालथी घालून आईला तिच्यावर बसवलं होतं. एका हातानं तो तिची पाठ थोपटत होता, दुसऱ्या हातानं नाकापुढची वाफ वारत खोकत होता.

"ओढ, राणी, आजच्या दिवस कडकच ओढ," तो म्हणाला. "पण पुढच्या परीक्षेला तूच बस."

आईनं डोळे मिटून व्हेपचा झुरका घेतला आणि वाफेचा असा काही लोट सोडला, की खांद्यांच्या वर ती दिसेनाशीच झाली.