दुधाच्या दातांची डबी

ताईचे दुधाचे दात आईने डबीत जपून ठेवलेत हे कळताच धाकटीने घर डोक्यावर घेतलं. "आणि माझे? मी काय रस्त्यावर सापडले?"

आईने कपाटातून दुसरी डबी काढली. "ही घे तुझी."

धाकटीची कळी खुलली. पोलिसांसाठी दात-हाडांवरून वय ओळखणाऱ्या मावशीपुढे तिने डबी नाचवली. "सांग, मी तेव्हा केवढी होते?"

मावशीने एक दात उजेडात फिरवून पाहिला. "पाच महिन्यांची. आणि कुत्रा होतीस."

टेबलाखाली गब्दुलने शेपटी हलवली.

"आई! माझे टाकून त्याचे जपलेस?"

"मी नाही, तू! सात वर्षांची होतीस. 'याची आई इथे नाही, मग याचे दात कोण जपणार?' म्हणत तेव्हाही असंच घर डोक्यावर घेतलंस आणि तुझी डबी त्याला देऊन टाकलीस."